गाडीचं नाक

गेल्या दसऱ्याला माझ्या मुलाने नवी गाडी घेतली. सुनेने हौसेने झेंडूचा मनगटाएवढा जाड हार ओवला आणि पुढच्या जाळीवर बांधायला निघाली. मी आडवा आलो. म्हटलं, टपावर टाका, मागे बांधा, हवं तर माझ्या गळ्यात घाला, पण गाडीच्या नाकावर नको. सून फुगून बसली. शेजारच्यांना वाटलं, म्हातारा या वयात सुधारक झाला. कसला सुधारक अन् कसलं काय! मला त्या घटकेला दिसत होते ते भिंगारचे शांतवन मिस्त्री, हातात कात्री घेऊन उभे असलेले.

मिस्त्री नगरचे ख्रिस्ती. लष्कराच्या वर्कशॉपात वीसेक वर्षं काढून बाहेर पडले आणि भिंगारला एका लिंबाखाली पत्र्याची शेड टाकून बसले. पाटी नव्हती. हाताखाली माणूस ठेवला नव्हता, कारण कुणाचं काम त्यांना पसंतच पडायचं नाही. उंच, वाळकी अंगकाठी, खाकी शर्ट, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. त्या वेळी कुणी शिंकलं तरी खवळायचे. रविवारी शेड बंद. पण त्यांच्या बायको मार्थाबाई सांगायच्या, "प्रार्थनेला डोळे मिटत्यात, पर मला म्हाईत हाय, आत डायनामो फिरतोय."

त्यांचा एक नियम होता. दोष स्वतःच्या डोळ्यांना दिसल्याशिवाय पाना लावायचा नाही. "दिसू दे," म्हणायचे. "त्यो दिसंल. न दिसून जातोय कुठं? पर अंदाजानं पुर्जे बदलनारा मिस्त्री न्हवं, चोर."

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं हं. पाथर्डीकडे जाणाऱ्या एका डॉक्टरांची जीप दर बारा-पंधरा मैलांवर बंद पडायची. नगरात चार गॅरेजवाल्यांनी तिचा अर्धा जीव बदलून टाकला होता. शांतवन मिस्त्री डॉक्टरांशेजारी जाऊन बसले. एकदा नाही, सहा वेळा पाथर्डीला जाऊन आले. सातव्या खेपेला जीप बंद पडली, डॉक्टर पेट्रोल बघायला टाकीचं झाकण उघडायला गेले आणि मिस्त्रींनी त्यांचा हात धरला. "थांबा. उघडू नका. त्येच तर तुमी दर बारीला करताय!" झाकणाला हवेचं भोक बुजलं होतं. टाकीत हवा जात नव्हती, म्हणून पेट्रोल ओढलं जात नव्हतं. डॉक्टर झाकण उघडायचे, हवा आत जायची आणि जीप बरी व्हायची. दाभणाने भोक मोकळं केलं, झालं! एवढ्यासाठी सात दिवस घालवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता कात्रीचं. शेडच्या खांबाला खिळ्यावर मेंढरांची लोकर कापायची मोठी कात्री टांगलेली असायची. गाडी दारात आली की आधी ती खाली यायची. जाळीवरचा हार, लिंबू-मिरची, काळी बाहुली, गोंडे, सगळं कचाकच! "गाडीला बी नाक असतंय. नाक मोकळं ठेव," हे त्यांचं पालुपद. एकदा एक ट्रकवाला तापला. "मिस्त्री, तुमी ख्रिस्ती मानूस, आमच्या देवाच्या हाराला कात्री लावता?" मिस्त्रींनी तो हार उचलला आणि स्वतःच्या दारावर नीट टांगला. म्हणाले, "देव हितं बसू दे माझ्या दारात. हवा तिथं जाऊ दे." ट्रकवाल्याने बॉनेट उघडून दिलं. पण एक व्हायचं. मिस्त्रींच्या तोंडाला लागायला नको म्हणून लोक भिंगारची वेस दिसली की आधीच सगळं सोडून डिकीत टाकायचे, आणि परत जाताना पुन्हा बांधायचे. मीही त्यातलाच होतो.

मी तेव्हा सोनईला एका बागाईतदाराच्या घरी ड्रायव्हर होतो. मालक वारलेले. घरात बाई आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. मुलगा पलटणीत कॅप्टन होता, मी त्याला दादा म्हणायचो. एकाहत्तरच्या लढाईत दादाच्या मणक्यात गोळी लागली. छातीच्या खालचं सगळं अंग गेलं. वर्षभराने हॉस्पिटलातून घरी सोडलं तेव्हा लष्करी डॉक्टरने बाईंना बजावून सांगितलं, की याच्या अंगाला आता घाम येत नाही. ऊन लागलं, अंग तापलं, तर ते आपोआप उतरणार नाही. याला उन्हाळ्यात जपा. आणि वर सांगितलं, दर तीन आठवड्यांनी पुण्याला दाखवायला आणा! पहाटे निघून जाताना गारवा असायचा, पण डॉक्टर मोकळं करायचे दुपारी, आणि शंभर मैल परत यायचं ते भर उन्हात.

बाईंनी मोसंबीची निम्मी बाग विकली आणि मुंबईहून एका सिनेमावाल्याची जुनी अमेरिकन गाडी आणली. तिच्यात गार वाऱ्याचं यंत्र होतं. गाव तिला होडी म्हणायचं. लांबरुंद मागची सीट, दादाला आडवं झोपवता यायचं. पहिल्या दिवशी बटण दाबलं, गार झुळूक आली आणि दादा हसला. घरी आल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता. बाई मागे वळून डोळे पुसत होत्या. मला वाटलं, चला, सुटलो.

कसचं काय! यंत्र लहरी निघालं. निघताना झकास गार. तासाभराने वारा कोमट, मग गरम. दादाचं कपाळ तापायला लागायचं, आणि तो एवढा मानी माणूस, बोलायचा नाही. बाईंचा हात त्याच्या कपाळावर आणि डोळे आरशातून माझ्यावर. झाडाखाली गाडी लावून वीस मिनिटं थांबलं की पुन्हा झकास.

नगर जिल्ह्यात या यंत्राची माहिती असलेला एकच माणूस होता. वर्कशॉपात असताना मिस्त्रींनी मेसची शीतपेटी आणि औषधांची गार खोली सांभाळली होती. मी गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी दादाला सलाम ठोकला, दादाने झोपल्या झोपल्या सलाम घेतला, आणि त्या घटकेपासून ती गाडी त्यांची झाली. दादाला ते खिडकीतून समजावून सांगायचे, "साहेब, हे यंत्र गार करीत न्हाई. आतली ऊब उचलतंय आन् फुडच्या जाळीतनं भाईर टाकतंय. टाकायला वाट पायजे, बस." दादाला समजायचं. तो म्हणायचा, "म्हणजे मिस्त्री, माझ्यासारखंच. माझीही वाट बंद झालीये." मिस्त्री फडक्याने खिडकीची काच पुसायला लागायचे. मी शेजारीच उभा राहून हे सगळं ऐकत होतो. नुसत्या कानाने, दुसरं काय!

कारण यंत्र कुरकुरायला लागलं त्याच्या आधीच आमच्याकडे वाळ्याचा पडदा आला होता.

घरी दादाच्या खोलीच्या खिडकीला वाळ्याचा पडदा होता. बाई दिवसभर त्यावर पाणी मारायच्या आणि खोली गारेगार राहायची. त्या म्हणाल्या, "रंगनाथ, खिडकीला चालतंय ते गाडीला का चालनार न्हाई? वारं तर फुडूनच येतंय." त्यांनी आपल्या हातांनी, मागे गोणपाट लावून, होडीच्या तोंडाच्या मापाचा पडदा शिवला. चार कोपऱ्यांना नाड्या. निघताना मी तो जाळीवर बांधायचो आणि बाई घागरभर पाणी ओतायच्या. वर्ष दुष्काळाचं होतं. विहिरीने तळ गाठलेला, टँकरच्या पाण्याची वाटणी असायची. बाई स्वतःच्या अंघोळीचं पाणी त्या पडद्याला द्यायच्या.

आणि खरं सांगतो, पडदा ओला असताना गारवा जास्तच यायचा. मग तो वाळायचा, रस्त्याची माती त्याच्यावर बसायची, वारा गरम व्हायचा. आम्ही थांबायचो, पडद्यावर पुन्हा पाणी मारायचो, पुन्हा गार. यातून आम्ही काय शिकलो? तर यंत्र बिघडलेलं आहे आणि पडदा आहे म्हणून आपण तरलोय!

मिस्त्रींकडे जाताना इमामपूरचा घाट लागला की मी पडदा सोडून डिकीत टाकायचो. बाईच आठवण करून द्यायच्या, "काढ रे, त्यो मानूस कात्री लावंल. माझी म्हैन्याची शिलाई हाय त्यात." त्यामुळे मिस्त्रींच्या दारात गाडी उभी राहायची ती गार वारा सोडतच. मिस्त्री हात पुढे धरायचे, घड्याळ बघायचे, तास होऊन जायचा. गारच!

मग ते सोबत यायला लागले. शिरूरपर्यंत दोनदा, पुण्यापर्यंत एकदा. ते गाडीत असले की अर्थातच पडदा बांधायचा नाही. यंत्र जाऊन-येऊन पक्कं चाललं. दादा थट्टा करायचा, "मिस्त्री, दोष तुम्हाला घाबरतो. तुम्हीच आमच्या घरी राहायला या." सगळे हसायचो. मिस्त्री नाही हसायचे. मला बाजूला घेऊन विचारायचे, "गरमीचा काटा चढतो का रं इंजिनाचा?"

"घाटात चढतो थोडा," मी म्हणायचो. खोटं नव्हतं. पुरं खरंही नव्हतं; सपाटीलाही चढायचा.

उन्हाळा वाढत चालला तसा तो माणूस खंगायला लागला. शेडमध्ये दुसऱ्या गाड्या उभ्या राहायच्या, ते होडीचा विचार करत बसलेले. शेवटी ज्या नियमावर ते आयुष्यभर जगले तो त्यांनी मोडला. दिसल्याशिवाय पाना लावला. पट्टा बदलला, वायरी बदलल्या, पुण्याहून माणूस आणून यंत्रातला गॅस नवा भरला. प्रत्येक वेळी आम्हाला वाटायचं, आता झालं. प्रत्येक वेळी तासाभराने गरम वारा. एकदा गाडी परत नेली तेव्हा ते ओट्यावर बसून राहिले. म्हणाले, "रंगनाथ, मी बी अंदाजानं काम कराया लागलो. मी चोर झालो."

त्यांच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा मला खरोखर भडभडून आलं. पण पडद्याचं ओठावर आलं नाही. मला काय माहीत! मला तो पडदा औषध वाटत होता.

मे महिन्यात दादाला ताप भरला. लघवीत पू झालेला. सोनईच्या डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, मी काही करू शकत नाही, ताबडतोब पुणे, संध्याकाळची वाट बघू नका. निघायला अकरा वाजले. बाईंनी त्या दिवशी दोन घागरी पडद्यावर ओतल्या आणि एक कॅन भरून बरोबर घेतला. घरात प्यायला पाणी उरलं नव्हतं.

इमामपूरला मी सवयीने पडदा काढला. नगरातून जाताना भिंगारला वळायची गरज नव्हती, पण बाई म्हणाल्या, एकदा मिस्त्रींना दाखवून घे. मिस्त्रींनी गारवा बघितला, मग मागे दादाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली, मार्थाबाईंना शेड बंद करायला सांगितलं आणि माझ्या शेजारचं दार उघडलं. "चल. मी येतो."

तेव्हा मी काय केलं ते सांगतो. पन्नास वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. मिस्त्री गाडीत बसले तर पडदा बांधता येणार नाही, हे माझ्या मनात आलं. एवढं ऊन, एवढा ताप, आणि पडदा नाही! मी म्हणालो, "राहू द्या मिस्त्री. गार चाललंय. उगाच तुमचा खोळंबा." बाईही आरशातून माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्याही मनात तेच होतं, त्या म्हणाल्या, "व्हय बाबा, ऱ्हाऊ द्या." मिस्त्री दार धरून क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी ते हळूच लावलं.

केडगाव मागे पडल्यावर मी उतरलो आणि पडदा बांधला.

सुप्यापर्यंत गार होतं. सुप्याला कॅनमधलं निम्मं पाणी मारलं. शिरूरच्या अलीकडे उरलेलं. तिथून पुढे वारा गरम झाला तो झालाच. झाडाखाली थांबलो, तर झाडाला पान नाही. दोन वस्त्यांवर पाणी मागितलं. एका घरातल्या म्हातारीने तांब्याभर दिलं, ते मी दादाच्या कपाळावर घालायचं सोडून, देवा, पडद्यावर मारलं. काचा उघडल्या तर बाहेरून झळा. दादाचं अंग हात लावू देत नव्हतं. बाई पदराने वारा घालत होत्या आणि म्हणत होत्या, "आलं बघ पुनं, आलं." दादा मधेच शुद्धीवर आला, म्हणाला, "आई, दार उघड ना, लई उकडतंय." इतकी वर्षं पलटणीत राहून शहरी बोलणारा तो, शेवटी आमच्या सोनईचं बोलला. वाघोलीच्या अलीकडे त्याने मान टाकली.

हॉस्पिटलच्या आवारात गाडी थांबली, त्याला आत नेलं. बाई मागोमाग गेल्या. मी बाहेर उभा. इंजिन चालूच राहिलं होतं. हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी पडदा सोडला. मातीने तो भिंतीच्या गिलाव्यासारखा कडक झाला होता. घडी पडेना, मोडला. तो फेकला आणि गाडी बंद करायला आत बसलो.

किल्ली फिरवायचं राहूनच गेलं, थोड्या वेळात गार वारा सुरू झाला. सुरेख, गारेगार. मागची सीट रिकामी. टाकायला वाट पायजे, बस. आता मला ते ऐकू आलं. मी स्टिअरिंगवर डोकं आपटून घेतलं. त्याचा काय उपयोग!

दहाव्याच्या सुमारास मिस्त्री सोनईला आले. बाईंपुढे हात जोडून उभे राहिले. "माझ्या हातनं निसटलं," एवढंच म्हणाले. बाई म्हणाल्या, "तुमचा काय दोष, बाबा. माझं नशीब." मग ते होडीत जाऊन बसले, यंत्र चालू करून, दुपारभर. गार. उतरले आणि तसेच स्टँडकडे चालू लागले. महिन्याभरात शेड बंद झाल्याचं कळलं.

तीन-चार वर्षांनी ते मला भेटले. काष्टीच्या बाजारात. मार्थाबाईंचं माहेर त्या बाजूचं, ते तिकडे राहायला गेले होते. जनावरांच्या बाजाराच्या कडेला गोणपाट अंथरून बसलेले. पुढे स्टोव्ह, बॅटऱ्या, कुलपं. मोटारीला हात लावत नव्हते. चष्म्याला दोरा तोच. ओळखलं त्यांनी, गोणपाटावर जागा केली, चहा मागवला. बाईंची चौकशी केली. बाई होत्या अजून. दादाची खोली झाडायच्या, खिडकीच्या पडद्यावर पाणी मारायच्या.

चहा प्यायल्यावर ते हलक्या आवाजात म्हणाले, "समदं तपासून झालं बघ मनातल्या मनात. पट्टा, वायरी, गॅस, झडप. एक एक करून. रोज सकाळी एकदा सुरवातीपासनं जातो." आणि मग त्यांनी ते विचारलं.

"रंगनाथ, त्या दिवशी नाक तर मोकळं हुतं ना?"

मी सांगायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. मग बाई डोळ्यांपुढे आल्या, त्यांच्या हातची ती शिलाई, त्या चार नाड्या. मिस्त्रींना सांगितलं तर ते सोनईला जाऊन बाईंना सांगतील, न सांगता राहायचा तो माणूस नव्हता. मी स्वतःला हेच सांगत आलोय. पण बाई जाऊन जमाना झाला, आणि मिस्त्री त्यानंतरही बरीच वर्षं काष्टीला होते. मी पुन्हा तिकडे फिरकलो नाही. भ्यालो, दुसरं काही नाही.

"हुतं, मिस्त्री," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू म्हनतोस तर हुतं. मग माझंच कायतरी ऱ्हायलं."

मी उठलो. बैलांच्या रांगेतून दहा-वीस पावलं गेलो असेन. मागून हाक आली. वळून बघितलं, तर मिस्त्री उभे होते, एका हातात स्टोव्हचा बर्नर, दुसरा हात कपाळावर उन्हासाठी आडवा धरलेला.

"बाईंना सांग," ते ओरडून म्हणाले, "मी अजून शोधतोय म्हनावं."